नैराश्याची गोळी जीन बघून निवडावी का?

जुलै २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाव ‘प्राइम केअर’. प्रश्न सरळ होता: नैराश्य असलेल्या माजी सैनिकाची आधी जीन तपासणी करायची आणि तिचा अहवाल बघून डॉक्टरांनी गोळी निवडायची, तर माणूस जास्त लवकर बरा होतो का? आता आपल्याकडेही खासगी लॅब अशी तपासणी करून देतात. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा किंवा थोडी लाळ द्यायची, काही हजार रुपये भरायचे, की लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत गोळ्यांची यादी हातात. घरात कुणाला दोन गोळ्या लागू पडल्या नसतील, तर ‘ही टेस्ट करू या का?’ असं वाटणं अगदी साहजिक आहे.

हा अभ्यास समजून घ्यायला मी मुद्दाम एक लांबची जागा घेतेय: नंदुरबार जिल्ह्यातलं, धडगाव तालुक्यातलं तोरणमाळ. आणि एक कल्पित माणूस. समजा, तोरणमाळजवळच्या एका पाड्यावर सैन्यातून निवृत्त झालेले एक फौजीकाका राहतात. वय पन्नाशीच्या आसपास. सहा महिन्यांपासून झोप नाही, शेतात जावंसं वाटत नाही, कुणाशी बोलणं नको. ‘नैराश्य’ हा शब्द ते वापरणार नाहीत; डोकं जड आहे, जीव लागत नाही, एवढंच म्हणतील. शहाद्याच्या डॉक्टरांनी एक गोळी दिली, महिनाभराने काही फरक नाही. पुढची गोळी कोणती, हे त्यांच्या जीन्सवरून ठरवावं का?

तपासणी नेमकं काय मोजते?

गोळी पोटात गेली की ती रक्तात येते, आणि यकृतातली एन्झाइम तिचं रूप बदलून तिला शरीराबाहेर घालवायची तयारी करतात. तोरणमाळचा यशवंत तलाव डोळ्यांसमोर आणा. तलावात पाणी किती, हे पाऊस किती पडला यावर ठरतं, तसंच पाणी बाहेर किती जातं यावरही ठरतं. गोळीचा डोस म्हणजे पाऊस, एन्झाइम म्हणजे बाहेर जायची वाट. वाट अरुंद असेल तर तेवढ्याच पावसात तलाव तुडुंब भरतो. म्हणजे नेहमीच्या डोसलाही रक्तात औषध साठतं आणि दुष्परिणाम वाढतात. वाट फार रुंद असेल तर पाणी टिकतच नाही, गोळी घेऊन न घेतल्यासारखी.

ही वाट जन्मतःच वेगवेगळी असते, हे कळायला एका शास्त्रज्ञाला चक्कर यावी लागली. १९७५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन नावाची रक्तदाबाची गोळी प्रयोगासाठी स्वतः घेतली. सोबतच्या सहकाऱ्यांनीही तीच गोळी घेतली होती, त्यांना फारसं काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका कोसळला की उभं राहता येईना. शोध घेतल्यावर कळलं की ती गोळी मोडणारं एन्झाइम त्यांच्यात नीट कामच करत नव्हतं, आणि हा गुण अनुवंशिक होता. १९७७ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या एन्झाइमचं आजचं नाव सीवायपी२डी६. नैराश्याच्या गोळ्यांसाठी महत्त्वाचं असलेलं दुसरं एन्झाइम म्हणजे सीवायपी२सी१९. नावं किचकट आहेत, म्हणून इथून पुढे त्यांना ‘डी६’ आणि ‘सी१९’ म्हणू.

एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम आणि सर्ट्रालिन यांच्यासाठी सी१९ महत्त्वाचं. पॅरोक्सेटिन, नॉरट्रिप्टिलिन यांच्यासाठी डी६. अमिट्रिप्टिलिनला दोन्ही लागतात.

इथे आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. सी१९ च्या जीनची एक बिघडलेली आवृत्ती दक्षिण आशियात बरीच आढळते. दर दहा प्रतींमध्ये साधारण तीन. प्रत्येकाकडे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती असतात. दोन्ही बिघडलेल्या असण्याची शक्यता म्हणजे ०.३ गुणिले ०.३, साधारण नऊ टक्के. म्हणजे दहा-बारा जणांत एकात हे एन्झाइम जवळजवळ बंद. युरोपीय वंशाच्या लोकांत हेच प्रमाण दोन-तीन टक्के. त्यामुळे ‘हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं’ असं म्हणता येत नाही. उलट सी१९ चा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. अर्थात भारताची सरासरी तोरणमाळच्या पावरा पाड्याला जशीच्या तशी लावता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच समाजात लग्नं होणाऱ्या गटांत एखादी आवृत्ती सरासरीपेक्षा खूप जास्त किंवा खूप कमी असू शकते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जीनोम वाचले गेले, ते याचसाठी.

आणि काय मोजत नाही?

सातपुड्यात जीन तपासणी नवी नाही. इथे सिकलसेलची तपासणी शाळा-आश्रमशाळांत होते आणि बऱ्याच घरांत हा शब्द माहीत असतो. म्हणूनच दोन्हींतला फरक सांगायला हवा, कारण गोंधळ इथेच होतो.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जीनमधलं एक अक्षर बदललेलं असतं. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आजार, एक असेल तर वाहक. तपासणीचं उत्तर म्हणजे जवळजवळ निदानच. नैराश्याचं तसं नाही. नैराश्य ‘आहे की नाही’ हे सांगणारा एकही जीन नाही. गोळीची तपासणी नैराश्याबद्दल बोलतच नाही, ती यकृताबद्दल बोलते. फौजीकाकांच्या रक्तात एस्सिटालोप्राम किती साठेल याचा अंदाज ती देऊ शकते. त्या एस्सिटालोप्रामने काकांना पुन्हा शेतात जावंसं वाटेल का, हे ती सांगू शकत नाही. तलावात पाणी किती हे कळलं, म्हणून त्यावर पीक किती येईल हे कळत नाही.

१,९४४ जणांचं काय झालं?

आता अभ्यासाकडे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या २२ सरकारी वैद्यकीय केंद्रांत १,९४४ रुग्ण घेतले गेले. सगळ्यांना नैराश्य होतं आणि आधी किमान एक उपचार करूनही पुरता गुण आला नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. ९६६ जणांचा जीन अहवाल डॉक्टरांना लगेच मिळाला. उरलेल्या ९७८ जणांवर नेहमीसारखे उपचार झाले, त्यांचा अहवाल २४ आठवडे बाजूला ठेवला.

पहिला प्रश्न: अहवाल बघून डॉक्टरांनी गोळी बदलली का? हो, चांगलीच बदलली. जीनशी कसलाच खटका नसलेली गोळी मिळण्याचं प्रमाण अहवालवाल्या गटात ५९ टक्के होतं, नेहमीच्या गटात फक्त २६ टक्के. जीनशी मोठा खटका असलेली, म्हणजे अहवालात लाल रंगात येणारी गोळी मिळण्याचं प्रमाण जवळपास २० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलं. डॉक्टरांनी अहवाल टेबलाच्या खणात टाकला नाही, वापरला.

दुसरा प्रश्न खरा: माणसं बरी झाली का? त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरली. गुण शून्य ते २७, आणि पाच किंवा कमी आले की ‘पूर्ण उतार’ म्हणायचं. चोवीस आठवड्यांचा सगळा काळ एकत्र धरला, तर अहवालवाल्या गटात पूर्ण उताराचं प्रमाण २.८ टक्क्यांनी जास्त होतं. फरक छोटा, पण योगायोगाने येईल असा नव्हे. मात्र नुसता चोविसावा आठवडा पाहिला, तर एका गटात १३० जण पूर्ण उतारात होते आणि दुसऱ्यात १२६. इथे फरक म्हणावा असा उरलाच नाही.

२.८ टक्क्यांचा अर्थ घरगुती हिशोबात सांगायचा तर साधारण ३६ जणांची तपासणी केली, तर एक जण जास्त पूर्ण उतारात येतो. तोही मधल्या काळात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची: कोणाचा अहवाल उघडला आहे हे रुग्णांना आणि डॉक्टरांना माहीत होतं. ‘माझी गोळी माझ्या जीनप्रमाणे निवडली’ या विश्वासानेही थोडं बरं वाटू शकतं.

म्हणजे चुकीच्या गोळ्या जवळपास निम्म्यावर आल्या आणि नैराश्य मात्र फारसं हललं नाही. असं का?

एक कारण साधं आहे. नेहमीच्या उपचारांतही पाचपैकी चार जणांची गोळी लाल रंगातली नव्हतीच. मोठा फायदा व्हायची जागा पाचव्या माणसापुरती होती. दुसरं कारण, या गोळ्यांत रक्तातली पातळी आणि मनावरचा परिणाम यांचं नातं सैल असतं. तिसरं कारण माजी सैनिकांच्या आयुष्यात आहे: जुना आघात, दुखणारं शरीर, दारू, तुटलेली झोप, नोकरी संपल्यावरची पोकळी. यातलं काहीच सी१९ मुळे येत नाही, आणि सी१९ वाचून जात नाही.

मग जीन बघून औषध देणं निरुपयोगी?

अजिबात नाही. सातपुड्यातच दोन उदाहरणं सापडतात.

पहिलं हिवतापाचं. व्हायवॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन देतात. ज्यांच्यात जी६पीडी हे एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात. लघवी काळपट होते, रक्त झपाट्याने उतरतं. या दोघांचा संबंध १९५६ मध्ये अमेरिकेत उलगडला. हा जीन एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास पुरुषांत जास्त. भारतात अनेक आदिवासी समाजांत ही कमतरता आढळते, एका आवृत्तीचं तर नावच ‘जी६पीडी ओरिसा’ आहे. इथे तपासणीचं मोल मोठं, कारण चूक झाली तर जीवावर बेतू शकतं आणि उत्तर मिळालं की काय करायचं ते स्पष्ट असतं.

दुसरं क्षयरोगाचं. आयसोनियाझिड ही गोळी काहींच्या शरीरातून सावकाश जाते, तीही जीनमुळेच. अशांना हातापायांत मुंग्या, जळजळ असा नसांचा त्रास होऊ शकतो. पण त्यासाठी आपण प्रत्येक रुग्णाचा जीन तपासत बसत नाही. गोळीसोबत बी६ जीवनसत्त्व देतो. स्वस्त, सुरक्षित, कुणालाही चालणारं. (जाता जाता: नैराश्याची पहिली गोळीही क्षयरोगातूनच आली. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनियाझिडची बहीण म्हणावी अशा इप्रोनियाझिडने क्षयाचे रुग्ण अचानक उत्साही झालेले डॉक्टरांनी पाहिले.)

या दोन उदाहरणांतून विचारायचे तीन प्रश्न हाती लागतात. तपासणी न करता चूक झाली तर नुकसान किती? अहवालाने निर्णय खरोखर बदलेल का? आणि हेच काम तपासणीशिवाय, स्वस्तात होऊ शकतं का?

फौजीकाकांना हे लावून बघू. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम आणि अमिट्रिप्टिलिन आहेत. सरकारी दवाखान्यात मिळाल्या तर याच मिळण्याची शक्यता जास्त. अहवालात मात्र पंचवीस-तीस गोळ्यांची रंगीत यादी येते. हिरव्या रंगातली गोळी शहाद्यालाही मिळत नसेल तर त्या हिरव्या रंगाचं काय करायचं? उलट, या नेहमीच्या गोळ्या कमी डोसने सुरू करून, दोन आठवड्यांनी विचारपूस करून सावकाश वाढवल्या, तर अरुंद वाटेच्या माणसाचा त्रास अहवालाशिवायही लक्षात येतो. बी६ सारखाच हा सगळ्यांना चालणारा उपाय. अट एकच: दोन आठवड्यांनी कुणीतरी विचारलं पाहिजे.

अहवालाला न दिसणाऱ्या गोष्टी

समजा, काकांची तपासणी झाली आणि सी१९ ‘सामान्य’ आलं. त्याच वर्षी त्यांना क्षयरोग निघाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झालं. रिफॅम्पिसिन यकृतातल्या अनेक एन्झाइमना जोमाने कामाला लावतं, त्यात सी१९ ही येतं. जीन तोच, पण वाट रुंद झाली आणि गोळी अपुरी पडायला लागली. आम्लपित्तासाठी ओमेप्राझोल सुरू झालं तर उलट, सी१९ मंदावतं. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन डी६ ला इतकं दाबतात की सामान्य जीनचा माणूसही ‘सावकाश’ होऊन बसतो. ड्युलोक्सेटिन घेणारा विडी ओढत असेल तर धुरामुळे दुसरंच एक एन्झाइम चेततं आणि रक्तातलं औषध कमी होतं.

जीन जन्मभर तोच राहतो, शरीरातली परिस्थिती बदलत राहते. म्हणून ‘इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हा फुकटचा प्रश्न कित्येकदा महागड्या अहवालाइतकंच सांगून जातो. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्यावीत, हा माझा सगळ्यांना आग्रह असतो.

मग काकांना कशाने फरक पडेल?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की नैराश्य असलेल्या दर दहा जणांपैकी साधारण आठ जण उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. गोळी योग्य की अयोग्य हा प्रश्न उरलेल्या दोघांचा. तोरणमाळहून सात पायरी घाट उतरून शहाद्याला जायचं म्हणजे पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात तर विचारूच नका. पहिली गोळी लागू पडत नाही असं निम्म्याहून जास्त लोकांत होतं. खरा धोका असा की त्यानंतर माणूस दुसऱ्या गोळीसाठी परतच येत नाही.

हे बदलता येतं, आणि त्याचे पुरावे आपल्या जवळचे आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला, बोलायला आणि गरज पडली तर पुढे पाठवायला शिकवलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आधीच्या आणि नंतरच्या पाहणीतला हा फरक आहे. तरीही तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

गोव्यात तर रीतसर चिठ्ठ्या टाकून चाचणी झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण. त्यातल्या एका गटाला डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. बैठकीत काय? बंद पडलेली रोजची कामं छोट्या तुकड्यांनी पुन्हा सुरू करणं, अडचणी सोडवणं, घरच्यांना सोबत घेणं. तीन महिन्यांनी उतार पडलेल्यांचं प्रमाण त्या गटात ६४ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. इथे उताराची व्याख्या सैल होती (पीएचक्यू-९ वर दहापेक्षा कमी गुण) आणि रुग्णही वेगळे, म्हणून हा २५ टक्क्यांचा फरक आणि अमेरिकेतला २.८ टक्क्यांचा फरक एका तराजूत घालू नका. पण मर्यादित पैसा आधी कुठे घालावा, याचा अंदाज त्यातून नक्की येतो.

तपासणी कधी करावी?

माझ्या वाचनानुसार, योग्य डोसच्या दोन-तीन गोळ्या नीट घेऊनही गुण आला नसेल, किंवा अगदी लहान डोसलाही विचित्र दुष्परिणाम होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ही तपासणी करणं समंजसपणाचं आहे. पर्यायी गोळ्या मिळण्याची आणि अहवाल वाचता येणाऱ्या डॉक्टरांची सोय मात्र हवी. अहवालाचा उपयोग मुख्यतः डोस ठरवायला होतो. उदाहरणार्थ, सी१९ बंद असलेल्यांना सिटालोप्राम दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाचं सांगणं आहे, कारण जास्त पातळीने हृदयाची लय बिघडू शकते. त्याच प्रशासनाने २०१८ मध्ये हेही बजावलं की ‘कोणती गोळी तुम्हाला लागू पडेल हे आमची तपासणी सांगते’ अशा दाव्यांना पुरेसा आधार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पहिल्याच भेटीत, कर्ज काढून, ‘हीच आता शेवटची आशा’ म्हणून मात्र ही तपासणी करू नये. आणि अहवालात चालू गोळी लाल रंगात दिसली म्हणून ती परस्पर बंद तर मुळीच करू नये. अचानक बंद केल्याचा त्रास वेगळा असतो.

सरकारने किंवा संशोधकांनी तोरणमाळसारख्या ठिकाणी नमुने घ्यायचे ठरवलं, तर आणखी एक अपेक्षा: संमती पावरीत समजावून घ्यावी आणि अहवालाचा अर्थही त्याच भाषेत परत यावा. नमुना घाट उतरून गेला आणि उत्तर वर आलंच नाही, तर त्या माणसाच्या दृष्टीने तपासणी झालीच नाही.

तुमच्या घरात किंवा ओळखीत असे फौजीकाका असतील तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांशी संबंधित लोकांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून आहे. मरणाचे विचार बोलून दाखवत असतील तर थांबू नका, त्यांना एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि गोळी सुरू झाली असेल तर दोन आठवड्यांनंतरची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, म्हणजे त्या दिवशी ‘काका, झोप कशी आहे?’ असं विचारायचं राहणार नाही.